सात मिलिमीटर

खांदेश्वर स्टेशनच्या बाहेर, रिक्षा स्टँड ओलांडला की तिसरा गाळा रज्जाकचा. पाटीवर नुसतं ‘सायकल’ असं लिहिलंय. स्वतःचं नाव घालायची त्याला कधी गरज वाटली नाही, कारण नाव लोकांच्या तोंडी होतं, आणि ते फुकटात पसरत होतं.

पंक्चर काढणारे काय, गल्लोगल्ली सापडतात. पण ज्या सायकलचा टायर कुठंच मिळत नाही, तिचा मालक चार दुकानांतून हात हलवत परत आला की कुणीतरी त्याला म्हणायचं, “रज्जाककडे जा.” खारघरच्या एका प्राध्यापकांनी इंग्लंडहून घडीची सायकल आणली होती. तिची इवलीशी चाकं बघून मुंबईतल्या भल्या भल्या दुकानदारांनी हात टेकले. रज्जाकने तळोज्याच्या भंगारवाल्याकडून तिचा टायर पैदा केला, आणि तोही अर्धा नवा. ही गोष्ट तो अजून सांगतो, आणि दर वेळी भंगाराचा ढीग थोडा उंच होतो.

या धंद्यातली गोम अशी की इंच फसवतात. ‘चोवीस इंची’ म्हणून विकले जाणारे टायर निरनिराळ्या जातींचे असतात, आणि एकाचा रिम दुसऱ्याला चालत नाही. खरं माप टायरच्या कडेला बारीक आकड्यांत लिहिलेलं असतं: रिमवर टायर जिथं टेकतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. रज्जाकची त्यासाठी एक लोखंडी पट्टी होती. तीस वर्षांत हाताखालून गेलेल्या प्रत्येक मापाची त्याने तिच्यावर कानशीने खाच पाडली होती. पट्टी रिमवर आडवी धरायची, खाचेवर अंगठा टेकवायचा आणि आकडा सांगून मोकळं व्हायचं. त्याचा आकडा चुकलाय असं कुणाला आठवत नाही. त्याला स्वतःला तर नाहीच.

असं सगळं छान चाललं होतं, तोवर दिनानाथ आले.

दिनानाथ तळोज्याच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होते. निवृत्त झाले, बायको आधीच गेलेली, मुलगा निखिल अमेरिकेत. म्हणजे माणूस दिवसभर मोकळा. चार वर्षांपूर्वी स्वतःच्या सायकलचा ब्रेक दाखवायला म्हणून आले आणि स्टुलावर बसले ते बसलेच. रोज सकाळी दहाला हजर. “रज्जाकभाई, हे असं का? ते तसं का?” रज्जाकलाही बरं वाटायचं. एवढा शिकलेला माणूस आपल्याला विचारतो, वहीत उतरवून घेतो. त्याने हातचं काही राखलं नाही. तिथंच तो फसला, असं त्याचं आजही म्हणणं आहे.

कारण वर्षभरात दिनानाथांनी स्वतःच टायर शोधायला सुरुवात केली. लुधियाना, पुणे, कोइंबतूर, कुठं कुठं फोन लावायचे, गोड बोलायचे, आणि आठवड्याभरात टायर दारात. बरं, दुकान नाही की काही नाही, सगळं हौसेखातर. त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर नाव झालं, तिथून दुसऱ्या सोसायटीत, तिथून पार खारघरपर्यंत. सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर सोसायटीने त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. रज्जाकने तो फोटो एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर बघितला आणि त्या दिवशी त्याच्या हातून तीन स्पोक तुटले.

जळणं म्हणजे काय ते रज्जाकला तोवर ठाऊक नव्हतं. शेजारच्या गाळ्यात दुसरा सायकलवाला आला असता तर त्याने दोन हात केले असते. पण हा माणूस रोज सकाळी येऊन, समोर बसून, “तुमच्याचकडून शिकलो हो,” असं म्हणायचा. भांडायचं तरी कुठून? गिऱ्हाईक येऊन विचारायचं, “ते दिनानाथकाका तुमच्याकडेच बसतात ना?” जणू दुकान दिनानाथांचं आणि रज्जाक तिथला पंपवाला!

घरीही सुटका नव्हती. करिमुन्निसा, त्याची बायको, तांदळाची सांदणं केली की चार बाजूला काढायची. “ते साहेब एकटे हायत. त्यांना नेऊन द्या. भला मानूस हाय.”

“भला हाय, भला हाय! मी काय बुरा हाय?”

“तुमाला कोन बोलला बुरा?” करिमुन्निसा म्हणायची. “तुमीच बोलताय.”

आणि मग इक्राची सायकल आली. खरं तर आली नाही, हेच दुखणं.

इक्रा ही रज्जाकच्याच गावची, त्याच्याच जमातीतली. शाळेत शिकवते. तिचा बाप जहाजावर होता. त्याने जपानहून एक जुनी लेडीज सायकल आणली होती. चोवीस इंची, बुटकी दांडी. इक्राची उंची बेताची, तिला दुसरी सायकल झेपतच नाही. ती सायकल जहाजावरून उतरल्यापासून तिची सगळी कामं रज्जाकच्या हातची. तिचा मागचा टायर कुजून फाटला, आणि पोरगी थेट दिनानाथांकडे गेली. शाळेतल्या कुणीतरी म्हणे नाव सुचवलं.

दिनानाथ सुटं चाक खांद्याला अडकवून दुकानात आले तेव्हा रज्जाकने ते लांबूनच ओळखलं.

“इक्राचं ना?”

“हो. टायरवरचे आकडे पुसले गेलेत. तुमची पट्टी लावून माप सांगा, रज्जाकभाई. तुम्ही सांगाल ते कायम.”

माझ्या गावची पोरगी यांच्याकडे जाते, आणि हे माझ्याकडून माप घेऊन तिच्याकडे शाबासकी घेणार. मनात हे म्हणतच रज्जाकने चाक ओढून घेतलं. पट्टी काढली. रिमवर धरली. पाचशे चाळीसची खाच नेमकी कडेला लागली. त्याच्याच शेजारी, सात मिलिमीटरवर, पाचशे सत्तेचाळीसची खाच होती. दोन्ही टायरांवर इंचाचा आकडा अगदी एकच असतो, हे त्याला माहीत होतं, आणि सत्तेचाळीसचा टायर आपल्याकडे औषधालाही मिळत नाही, हेही.

“पाचशे सत्तेचाळीस,” रज्जाक म्हणाला.

दिनानाथांनी चाकाकडे वाकून बघितलं. “सत्तेचाळीस? नक्की?”

“पट्टी तुमच्यासमोर हाय.”

दिनानाथांनी मान डोलावली, वहीत आकडा लिहिला, चाक उचललं आणि गेले. रज्जाकने हात पुसले. कुणाचं वाईट होणार नाही, असं त्याने मनाशी घोळवलं. मोठा टायर बारक्या रिमवर टिकतच नाही. हवा भरतानाच उतरेल, रस्त्यावर जायची वेळच येणार नाही. फक्त एकदा हा माणूस तोंडावर आपटू दे. एकदाच.

टायर देशात कुठं मिळाला नाही. दिनानाथांनी निखिलला कामाला लावलं, त्याने अमेरिकेत शोधला, आणि कुणी ओळखीचं इकडे येणार होतं त्याच्या बॅगेतून पाठवला. यात सहा आठवडे गेले. रज्जाक दर दोन दिवसांनी साळसूदपणे विचारायचा, “काय साहेब, आला का टायर?” रस्त्यावर इक्रा चालत शाळेला जाताना दिसली की तो मान खाली घालून पाना हुडकायचा.

टायर आला त्या रविवारी सकाळी दिनानाथांनी तो सोसायटीच्या आवारात बसवायचं ठरवलं. इक्रा आली होती, दोन-चार शेजारी गोळा झाले होते. रज्जाकला बोलावणं होतंच. नसतं तरी तो गेला असता. तो फाटकापाशी उभा राहिला. दिनानाथांनी टायर हातानेच चढवला, कड रेटायला टायर-लिव्हरचीसुद्धा गरज पडली नाही.

“बघा, लोण्यासारखा बसला!” एक शेजारी म्हणाला.

टायर असा सहज बसतो तेव्हाच कारागिराने सावध व्हायचं असतं. रज्जाक फाटकापासून हलला नाही. दिनानाथ पंप मारू लागले. दहा, वीस, पंचवीस. टायरची कड एका बाजूला रिमच्या वर सरकली, आतून ट्यूबचा फुगा डोकावला, आणि फाट्‌कन असा आवाज झाला की पहिल्या मजल्यावरची कबुतरं उडाली. दिनानाथ मागे बसले. चष्मा फरशीवर. इक्रा किंचाळली.

रज्जाक दोन पावलं पुढे धावला. माणूस उठून उभा राहिला, काही लागलं नाही, हे दिसलं मात्र, आणि त्याच्या आत असा गोडवा पसरला की त्याला स्वतःचीच जराशी भीती वाटली. शेजारी हसत होते. कुणीतरी म्हणालं, “काका, अमेरिकेचा माल!” दिनानाथ चष्मा पुसत नुसते उभे होते. रज्जाकने ते सगळं डोळे भरून बघितलं आणि दुकानाकडे वळला.

सोमवारी इक्रा चाक घेऊन दुकानात आली. रज्जाकच्या मनात धाकधूक होती, आता आकडा कुणी सांगितला ते निघणार. पण ती म्हणाली, “चाचा, काकांनी सगळ्यांना सांगितलं, तुमी माप बरोबर सांगितलेलं, त्यांनीच चुकीचं ऐकलं. आता तुमीच बघा. पाय दुखून आलेत माजे.”

रज्जाकला वाटलं, सुटलो. इतकंच नाही, जिंकलो. “उद्या ये,” तो ऐटीत म्हणाला. त्या जपानी सायकलचा टायर कुठं मिळतो ते त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दवाखान्यातल्या चाकाच्या खुर्चीला तोच टायर लागतो. पनवेलमध्ये कुबड्या-खुर्च्या विकणाऱ्या दुकानात तो गेला आणि अर्ध्या तासात राखाडी रंगाचा टायर घेऊन आला. कडेला बारीक आकडे होते: पाचशे चाळीस.

मंगळवारी शाळा सुटल्यावर इक्रा आली. दिनानाथही आले. रज्जाकने चाक मांडीवर घेतलं, टायर अंगठ्यांनी कडेकडेने दाबत आणला, शेवटचा वीतभर भाग घट्ट लागला तिथं ओठ आवळून तळहाताने रेटला. टायर बसला. हवा भरली, चाक फिरवलं. कुठं हेलकावा नाही. त्याने ते सायकलला जोडलं आणि इक्राने दुकानासमोर एक चक्कर मारली.

“चाचा, तुमी म्हणजे तुमीच!”

“मी सांगतो ना सगळ्यांना,” दिनानाथ म्हणाले. “आता माझ्याकडे कुणी आलं तर थेट इकडंच पाठवणार. आपण बंद केलं बुवा.”

इक्रा गेली. रज्जाकने दोन कटिंग सांगितले. गेल्या चार वर्षांत त्याला इतकं हलकं वाटलं नव्हतं. दिनानाथ स्टुलावर बसले, इकडेतिकडे बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, “रज्जाकभाई, एक सांगू? रागावू नका. मी त्या रिमचं माप घरी घेतलं होतं. तुमच्याकडे यायच्या आधी. दोरा गुंडाळून, तीनदा. तिन्ही वेळा पाचशे चाळीस.”

रज्जाकने हातातला पंप खाली ठेवला.

“मग सत्तेचाळीस का मागवला?”

“तुम्ही म्हणालात म्हणून. मला वाटलं, माझाच दोरा कुठंतरी कमी पडला.” दिनानाथ हसले. “चुकतं हो कधीकधी. वय झालं आपलं. खाच खाचेला लागून आहे, नजर सरकली असेल. म्हणून तर लोकांना सांगितलं की मीच चुकीचं ऐकलं. माझं काय, मी रिकामा माणूस. तुमचं दुकान आहे.”

गप्प बसायचं, एवढंच काम होतं. नाव शाबूत होतं, दिनानाथ आपणहून बाजूला झाले होते. पण ‘नजर सरकली असेल’ हे शब्द रज्जाकच्या जिवाला झोंबले. हा माणूस त्याला सांभाळून घेत होता! रज्जाकच्या पट्टीला, तीस वर्षांच्या हाताला, म्हातारा झालास म्हणून माफ करत होता! यापेक्षा तो ओरडला असता तर परवडलं असतं.

“माजी नजर नाय सरकली,” रज्जाक म्हणाला. “माज्या पट्टीवर चाळीसच आला होता. मी बघितला. आनि मी तुमाला सत्तेचाळीस सांगितला. मुद्दाम.”

दिनानाथांचा चेहरा आधी उजळला. खरंच उजळला. “म्हणजे माझं माप बरोबर होतं?”

ते ऐकूनही रज्जाकला हेवा वाटला. मग बाकीचं दिनानाथांपर्यंत हळूहळू पोचलं.

“मुद्दाम? का?”

“लोक तुमच्याकडे जातात. माज्या गावची पोरगीपन.”

चहा आला. पोऱ्या ग्लास ठेवून गेला. दिनानाथांनी ग्लासाला हात लावला नाही. आवारात सगळ्यांसमोर झालेली फजिती, मुलाला घातलेली गळ, फुटलेली ट्यूब, यातलं काहीही त्यांनी काढलं नाही. रज्जाक त्याचीच वाट बघत होता; त्यावर त्याच्याकडे उत्तरं होती.

“ती मुलगी सहा आठवडे चालत गेली, रज्जाकभाई,” ते म्हणाले, आणि उठून गेले.