बोटभर कमी उंचीचा फिल्टर

पोटातलं मूल आडवं आहे की उभं, हे मला नुसत्या हातानं कळायचं. पण गाडीच्या बॉनेटखाली काय असतं याची काडीचीही माहिती नव्हती. माहिती करून घ्यायची गरजही कधी वाटली नव्हती, कारण माझा थोरला भाऊच मोटारींच्या सुट्या भागांचा दुकानदार होता. सोलापुरात, नवी पेठेच्या पलीकडे त्याचं दुकान. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. मी मॅट्रिक झाले तेव्हा वडील म्हणाले होते, आता हिला उजवून टाका. अण्णा त्यांच्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, ती डॉक्टर होणार. त्यावरून बापलेक सहा महिने एकमेकांशी बोलत नव्हते. मी डॉक्टर झाले ती अण्णामुळे, हे मी तेव्हाही सांगायची आणि आजही सांगते. म्हणून तर पुढचं सांगताना माझा पारा अजून चढतो.

दुष्काळाची वर्षं होती. शहरात माझं सहा खाटांचं प्रसूतिगृह होतं आणि आठवड्यातून दोनदा मी अक्कलकोटच्या बाजूला गाडी घेऊन जायची. दुष्काळी कामांवर सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायकाही खडी फोडत बसलेल्या असायच्या, त्यांना तपासायला. गाडी सेकंड-हँड, काळी, अण्णानंच पारखून दिलेली. त्या रस्त्यांवर इतका फुफाटा असायचा की घरी येऊन चूळ भरली तर पाणी गढूळ पडायचं. मग इंजिनाच्या पोटात काय जात असेल, त्याचा विचार मी केला नाही. तो मिस्त्री करायचे.

मिस्त्रींचं गॅरेज म्हणजे एक लिंबाचं झाड, एक पत्र्याची शेड आणि एक खड्डा. मिस्त्री स्वतः पन्नाशीचे, किडकिडीत, दाढी राखलेले. दर तीन महिन्यांनी ते इंजिनाचं तेल बदलायचे आणि फिल्टरही. इंजिनाच्या कडेला एक लोखंडी भांडं बोल्टनं आवळलेलं असतं, त्यात हा फिल्टर बसतो. घड्याघड्यांच्या कागदाची एक नळकांडी. तेल त्यातून गाळून निघतं आणि माती, लोखंडाचा कीस त्या घड्यांत अडकून राहतो. नवा फिल्टर अण्णाच्या दुकानातून परस्पर मिस्त्रींकडे जायचा. काम झालं की मिस्त्री जुना फिल्टर नव्याच्या खोक्यात घालून माझ्यासमोर धरायचे. “देख लेव, डॉक्टरबाई.” काळाकुट्ट, डांबरासारखा चिकट. मी नाक मुरडून म्हणायची, टाका तो. पण मी डोकावून पाहिल्याशिवाय ते टाकायचे नाहीत.

एकदा अण्णा घरी जेवायला आला होता. जेवता जेवता म्हणाला, “तो मिस्त्री तुला गंडवतोय. मी पाठवलेला नवा फिल्टर बाहेर विकतो आणि जुनाच घासूनपुसून परत बसवतो. म्हणून तर इतका काळा निघतो की तो.”

मी एका शब्दानं विचारलं नाही, की अण्णा, तुला हे कुणी सांगितलं? दुसऱ्या दिवशी सकाळी तडक गॅरेजवर गेले. तिथे दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्या देखत मी मिस्त्रींना चोर म्हणाले. बरंच काही बोलले. मला थांबता येत नाही एकदा तोंड सुटलं की. मिस्त्रींनी चिंध्यांनी हात पुसले. “आप की मर्जी,” एवढंच म्हणाले. तेवढ्यावर माझं समाधान झालं नाही. आम्ही डॉक्टर मंडळी महिन्यातून एका रविवारी सकाळी जमायचो, तिथेही मी हे सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. तिघांनी आपापल्या गाड्या मिस्त्रींकडून काढून घेतल्या.

अण्णानं सुचवलेल्या नव्या गॅरेजात गाडी जायला लागली. तिथे बसवलेला पहिला फिल्टर तीन महिन्यांनी निघाला तेव्हा मी तो मुद्दाम मागून पाहिला. तेलकट होता, पण घड्यांत घाण नाही. कागदाचा पिवळा रंग दिसत होता. मी तो खोक्यातून अण्णाकडे घेऊन गेले.

“बघ,” अण्णा म्हणाला. “मी म्हटलं नव्हतं?”

मला कोण आनंद झाला! पुढच्या रविवारी मी तो फिल्टर डॉक्टरांनाही दाखवला.

वर्ष पुरं व्हायच्या आत एका दुपारी मी अक्कलकोटहून एक अडलेली बाई घेऊन निघाले होते. पहिलटकरीण होती, मागच्या सीटवर तिची सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. निम्म्या वाटेत इंजिनातून ठकठक आवाज येऊ लागला, बघता बघता वाढला, आणि एक मोठा कडाका होऊन गाडी जागच्या जागी थांबली. आजूबाजूला सावलीपुरतं झाड नाही.

“काय झालं वो बाई गाडीला?” सासू विचारत होती. “आता हिला कुटं न्यायची?”

मला काय ठाऊक काय झालं ते! खडीचा एक ट्रक आला, त्याच्या ड्रायव्हरनं केबिनमध्ये जागा करून दिली म्हणून आम्ही सोलापूर गाठलं. मूल जगलं, आईही जगली. पण त्या ट्रकात मी सगळी वाट तिची नाडी धरून बसले होते.

नव्या गॅरेजवाल्यानं इंजिन खोललं. म्हणाला, बेअरिंगं खाल्ली गेली, क्रँकला चरे पडले. का? तर म्हणे, जुनी गाडी, व्हायचंच. आता कुणी मला येऊन सांगितलं, की बाई दगावली कारण तिचं वय झालं होतं, तर मी ऐकून घेईन का? मी म्हटलं, फिल्टरचं भांडं माझ्यासमोर उघडा. त्यानं उघडलं. “फिल्टर तर स्वच्छ हाय की,” तो म्हणाला. मी आत बोट घातलं. फिल्टर आत हलत होता. वरच्या बाजूला चांगलं बोटभर अंतर मोकळं.

आमच्याकडे जखमेवरची पट्टी कोरडी, स्वच्छ निघाली म्हणजे जखम बरी झालीच असं नाही. कधीकधी पू आतच राहिलेला असतो. हे मी शिकले होते, शिकवलंही होतं. आणि तो पिवळा कागद बघून मी नाचत अण्णाकडे गेले होते! तेल फिल्टरमधून जातच नव्हतं. वरच्या फटीतून सगळ्या मातीसकट इंजिनात फिरत होतं.

तो फिल्टर पिशवीत घालून मी दुसऱ्याच एका दुकानात गेले, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं. काउंटरवर ठेवला, गाडी कुठली ते सांगितलं, आणि असाच नवा द्या म्हटलं. दुकानदारानं तो उलटसुलट करून पाहिला.

“नमुन्याप्रमाणे देऊ, की गाडीप्रमाणे?”

“गाडीप्रमाणे,” मी म्हणाले.

त्यानं फळीवरून एक फिल्टर काढून शेजारी उभा केला. घेर तोच, मधलं भोकही तेच, पण उंचीला बोटभर जास्त. “तुमचा हा दुसऱ्याच गाडीचा आहे,” तो म्हणाला. “आत बसतो, पण काम करत नाही. चार दिवस या धंद्यात काढलेल्या माणसाला हे नजरेनं कळतं. कुणी दिला हा तुम्हाला?”

मी नव्याचे पैसे दिले. दोन्ही फिल्टर घेऊन अण्णाच्या दुकानात गेले आणि त्याच्यापुढे शेजारी शेजारी ठेवले. मनात म्हणत होते, म्हण की चूक झाली. म्हण की नोकरानं गफलत केली. मी लगेच विश्वास ठेवला असता.

“अगं, त्या मालाचा एक आख्खा खोका चुकून आला होता,” अण्णा म्हणाला. अगदी सहज, भाजीत मीठ जास्त पडलं हे सांगावं तसं. “परत घेईनात. दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला असता तर त्यानं आणून तोंडावर मारला असता.”

“आणि मिस्त्री?”

“तो लई शहाणा. दर खेपेला दुकानात येऊन चार लोकांसमोर ओरडायचा, शेठ, ये छोटा है. नाव खराब होतं की दुकानाचं.”

माझ्या गाडीत त्या दिवशी अडलेली बाई होती, मी म्हणाले. तो म्हणाला, “सुखरूप सुटली ना?” आणि समोर आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळला. मला त्या क्षणी त्याची किळस आली. सख्ख्या भावाबद्दल असं लिहू नये, पण आली.

मी मिस्त्रींच्या शेडवर गेले. त्यांनी स्टूल पुसून दिलं. माझ्या गाडीतले फिल्टर इतके काळे निघायचे ते कसे, हे मी विचारलं. मिस्त्रींनी एका डब्यातून जाड फेल्टच्या, दाबलेल्या लोकरीच्या, दोन गोल चकत्या काढून दाखवल्या. फिल्टर उंचीला कमी पडायचा म्हणून ते स्वतः फेल्ट कापून खाली चकत्या घालायचे, फट बंद करायचे. मी तिथून गाडी हलवली आणि चकत्या बंद झाल्या.

“मग मला का नाही सांगितलं?”

“भाई की बात बहन कू कैसा बोलना, डॉक्टरबाई?” ते म्हणाले. “एक खोका माल था. खतम होता, बात भी खतम होती.”

माझी गाडी पुन्हा हातात घ्याल का, असं विचारलं. त्यांनी चकत्या परत डब्यात ठेवल्या. “काम करतूं,” म्हणाले. “पर चार लोगां में चोर बोले ना तुम. चार लोगां में वापस लेव.”

मी हो म्हटलं. पुढच्या रविवारी डॉक्टरांसमोर उभी राहिले. सांगितलं, की मिस्त्री चोर नाहीत, माझी चूक झाली, फिल्टरच चुकीच्या मापाचा होता. एकानं विचारलं, “पण तुम्ही तर माल भावाकडून घेता ना?” सगळ्यांचे डोळे माझ्याकडे. मी म्हणाले, “नाही, तो पुण्याहून मागवला होता.” तिथेच माती खाल्ली मी. नुसती ‘चूक झाली’ ऐकून कुणाचं काय समाधान होणार? तिघांपैकी एकच परत मिस्त्रींकडे गेला. उरलेल्या दोघांनी, बघू, म्हणून माना हलवल्या.

त्याच संध्याकाळी अण्णा घरी आला. खुर्चीत बसला, चहा मागितला. इंजिनाचं काय झालं ते विचारलं नाही, त्या बाईचं मूल कसं आहे तेही नाही.

“डॉक्टर लोकांत बोललीस म्हणे,” तो म्हणाला. “माझं नाव घेतलंस?”

“नाही.”

त्यानं बशीत चहा ओतला. “ठाऊक होतं मला,” म्हणाला.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. आतापर्यंत मला वाटत होतं, मी डोळे झाकून विश्वास ठेवते म्हणून त्यानं तो खोका माझ्या माथी मारला. तेवढंच नव्हतं. उद्या माझे डोळे उघडले तरी मी तोंड उघडणार नाही, हेही त्यानं तेव्हाच गृहीत धरलं होतं. आणि मी त्याला खरं ठरवलं होतं. बाहेरून त्यानं आणखी अर्धा कप चहा मागितला. मी तो गरम करून त्याला नेऊन दिला.