धुऱ्यावरचं हिंडणं

‘हिंडणे’ या शब्दाशी माझं लहानपणापासून भांडण आहे. आमच्या गावात पुरुष फिरून येत, म्हातारे फेरा मारून येत आणि आम्ही मुली मात्र हिंडत असू. ‘कुठी हिंडून राहिली होती वं?’ हा प्रश्न मैत्रिणीकडून पुस्तक घेऊन येणाऱ्या मुलीलाही चुकत नसे. दावं तोडून गेलेली गायही हिंडतच असे. पुढे तुमसरला मराठी शिकवायला लागले, तेव्हा एकदा इरेला पेटून शब्दकोश उघडला. शब्द फार जुना निघाला, संस्कृत-प्राकृतातून चालत आलेला आणि मुळात अगदी निरुपद्रवी. जाणं, फिरणं, एवढंच. वणवणीत म्हणे वन दडलेलं आहे; भटकायचं तर वाट चुकावी लागते. हिंडायला पायांखेरीज काही लागत नाही. बदनामी आपल्या लोकांनी पदरची घातली.

बाबा गेले आणि दादानं पुण्याहून फोनवर सांगितलं, शेत ठेक्यानं देऊन टाकू. आई त्या दिवशी जेवली नाही. मी म्हटलं, यंदाचं मी पाहते. बाबांचे थोरले भाऊ, माझे मोठे बाबा, ओसरीवर सुपारी कातरत होते. ते हसले.

“रोवाले बाया भेटतीन. पाणी कोन पायल? सकाळी सकाळी बाई धुऱ्याधुऱ्यानं हिंडन काय?”

त्यांचं म्हणणं आमच्या रिवाजाला धरूनच होतं. धानाची रोवणी बायांची, निंदण बायांचं, कापणीही त्यांचीच. पण प्रत्येक बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पाणी टिकलं की नाही ते धुऱ्यावरून, म्हणजे कडेच्या मातीच्या बांधावरून, चालत पाहायचं काम पुरुषाचं. बाई कमरेत वाकलेली असली की कामावर; ताठ उभी राहून चालली की हिंडते. मला याचा संताप आला, आणि संताप आला की माझ्या अंगात बळ येतं. शेवटी ठरलं ते असं: धान वाळलं तर पुढल्या वर्षी ठेका, नाहीतर शेत आमच्याकडेच.

मी शाळेच्या आधी स्कूटीनं गावात यायची, सापाच्या भीतीनं गुडघ्यापर्यंतचे बूट चढवायची आणि धुऱ्यावरून चालायची. बाकीच्या बांध्या भरलेल्या असत. मधली मात्र संध्याकाळी पाणी सोडलं तरी सकाळी कोरडी. धुरा कुठं फुटलेलाही दिसेना. धान पिवळं पडायला लागलं तसं मोठ्या बाबांनी ठेकेदार कोण असावा तेही सुचवून ठेवलं.

त्यानंतरच्या एका सकाळी आई दारात उभी. लुगडं खोचलेलं, पायात काही नाही. बाबा गेल्यापासून ती उंबरठ्याबाहेर पडली नव्हती. मी काही विचारलं नाही, न जाणो विचार बदलायची!

धुऱ्यावर चढताच म्हणाली, “ते बूट काढ. पायाले सांगू दे.”

ती पुढे, मी मागे. तळव्याखाली गवत गार लागत होतं, माती घट्ट होती. मग एका जागी टाच मऊशार रुतली. आई थांबली, वाकली, गवत बाजूला केलं. खालून खेकड्यानं धुरा आरपार पोखरला होता आणि आमचं पाणी गुपचूप शेजारच्या बांधीत, म्हणजे मोठ्या बाबांच्याच धानात, चाललं होतं. खेकड्याला वाटणी कुठं ठाऊक! चिखलाचे गोळे कोंबून आम्ही दोघींनी टाचांनी ते भोक ठोकून बंद केलं.

त्या बांधीचं धान पुढे घरात आलं. ठेक्याचं नाव परत कुणी काढलं नाही. पण मला जपून ठेवावीशी वाटते ती त्याच सकाळची गोष्ट.

काम झालं होतं, घरी जायचं. आई वळलीच नाही. या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर, शेताच्या पार टोकापर्यंत गेली आणि तिथं कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“लगीन होऊन आली तवापासून रोवून राहिली,” ती म्हणाली, “पन आपलं वावर चारी बाजूनं चालून कवा पायलंच नोहोतं.”



तेवढ्यात समोरून मोठे बाबा आले. थोरल्या दिरासमोर आईनं उभ्या जन्मात तोंड उघडलं नव्हतं. काही सांगायचं झालंच तर आधी बाबांच्या, पुढे माझ्या तोंडून.

“काहून हिंडून राहिल्या माय-लेकी?” त्यांनी विचारलं.

आईनं डोक्यावरचा पदर नीट केला. बाजूला मात्र झाली नाही. माझ्याकडे पाहत, पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली,

“सांग वं त्याइले. हिंडून राहिलो म्हना. आपल्या वावरात.”