शिंगराच्या भेटीला नेलेला डबा

ओवी आणि ईशान, हॅम्बर्गच्या स्टेशनवरून आमची गाडी सुटली तेव्हा बारीक पाऊस पडत होता. तुमच्या शलाकाआत्याच्या नकळत माझ्या पिशवीत स्टीलचा एक डबा होता. त्यात भिजवलेले हरभरे आणि वर गुळाचे खडे. समुद्राकाठच्या एका राखीव कुरणात तट्टे मोकळी राहतात आणि वसंतात त्यांना शिंगरे होतात, असे आत्याने सांगितले होते. बाळ-बाळंतिणीला बघायला रिकाम्या हाताने कसे जायचे? टांग्याच्या घोड्यांना हरभरे-गूळ खाताना मी लहानपणी पाहिले होते.

गाडीत आत्याने फ्रांत्सब्रोट्शेन (दालचिनीचा चपटा गोड पाव) दिला. तिला सातवा महिना चालू आहे, म्हणून अर्ध्याहून जास्त तिनेच खाल्ला. पुढे बस घेतली. दोन्ही बाजूंना राप्सची (मोहरीसारखे तेलबियांचे पीक) पिवळी शेते होती आणि पाऊस थांबला होता.

कुरणाच्या फाटकावर एक चित्र होते: खाऊ देणारा हात आणि त्यावर लाल फुली. ते लहान मुलांसाठी असावे असे समजून मी पुढे गेले.

आत फ्राऊ (श्रीमती) पेटरसेन भेटल्या. माझ्याच वयाच्या, गळ्यात दुर्बीण. शिंगरांवर लक्ष ठेवायला त्या हौसेने येतात. इंग्रजी छान बोलतात.

"आब्श्टांड (अंतर) महत्त्वाचं," त्या म्हणाल्या. "हात सरळ पुढे धरा. अंगठ्याआड अख्खं तट्टू झाकलं गेलं, तर ठीक. नाहीतर मागे सरायचं."

राखी रंगाची तट्टे चरत होती, मागे शांत समुद्र. एक शिंगरू गवतात आडवे पडले होते.

"आजारी आहे का हो ते?" मी विचारले.

"झोपलंय. आई शेजारी उभी आहे ना?"

आत्या बाकावर टेकली. फ्राऊ पेटरसेन थोड्या पुढे गेल्या, तशी मी डबा पिशवीतून काढून उघडला. झाकणाचा टक् आवाज झाला आणि घोडीने मान वर केली. ती सरळ आमच्याकडे चालत आली. मला आनंदच झाला.

"आई, काय आहे ते?" आत्याने विचारले.

"हरभरे. तिच्यासाठी."

"तिचं डोहाळजेवण? माझं राहिलंय अजून."

पण घोडी थांबली नाही. तिने पिशवीत तोंड घालून हिसका दिला. जागे झालेले शिंगरू आम्हाला वळसा घालून पलीकडे झुडपांशी जाऊन उभे राहिले. आता आई आणि लेकरू यांच्या मधोमध आम्ही होतो. घोडीने कान मागे पाडले. आत्या उठली, तिचा एक हात पोटावर होता, दुसऱ्याने तिने माझा दंड धरला.

"झाकण लावा," फ्राऊ पेटरसेनचा आवाज आला, चढलेला नव्हता. "पळू नका. हळूहळू बाजूला या. तिला वाट द्या."

आम्ही एकेक पाऊल बाजूला सरकलो. वाट मोकळी होताच शिंगरू धावत आईखाली शिरले आणि दूध पिऊ लागले. घोडीचे कान पुन्हा उभे राहिले.

"तिनं खाल्लं का काही?" फ्राऊ पेटरसेननी आधी हेच विचारले.

"नाही."

"बरं झालं. एकदा चव लागली की ती दिसेल ती पिशवी हुंगत सुटते. मग एखाद्या मुलाला लाथ बसते आणि तिला इथून हलवावं लागतं. शिंगराला घेऊन जाता येईलच असं नाही."

मी डबा त्यांच्यापुढे धरला. "मग हे तुम्हीच घ्या."

त्यांनी गुळाचा खडा तोंडात टाकला. "गेनाऊ (अगदी बरोबर). मला चालतं."

"आई," आत्या म्हणाली, "तू नक्की कुणाच्या बाळंतपणाला आली आहेस?"

परतीच्या गाडीत उरलेले हरभरे आत्यानेच संपवले. तेवढ्यात तुमचा व्हिडिओ कॉल आला. तुम्ही बोलत होता तेव्हा मी फोनपुढे अंगठा धरून पाहिला. दोघेही त्याआड सहज झाकले गेलात. तट्टांपासून तेवढे अंतर बरोबर आहे, हे मला आज पटले.

आत्याचे बाळ जरा बाळसे धरू दे, मग मी घरी येते. विमानतळावर मात्र अंगठ्याने मोजत बसायचे नाही. थेट धावत यायचे. माझी पिशवी हुंगायची तुम्हाला पूर्ण परवानगी आहे.