आबांच्या उंदरांची जोडी

आमच्या धुळ्याच्या घरात एके काळी एवढी शांतता होती, की पाल चुकचुकली तरी आबा दार उघडायला उठायचे.

आबा म्हणजे माझे वडील. आई गेली. त्यानंतर माझ्या भावानं पाचोऱ्याकडच्या शेतात ट्रॅक्टर आणला, बैल विकले, आणि आबांचे दोन्ही हात एकदम रिकामे झाले. मी त्यांना धुळ्याला घेऊन आलो. आमची कॉलनी नोकरदारांची. सगळे कचेरीतल्यासारखं बोलायचे, आबांची बोली कुणाच्या तोंडी नव्हती. बायको आणि मी सकाळी कामाला गेलो की आबा ओट्यावर बसून हायवेकडं जाणाऱ्या एसटींकडं असं टक लावून बघायचे, की ड्रायव्हरला वाटायचं आपलं काहीतरी सांडलंय. गाडी थांबवून खाली वाकून बघणारे मी स्वतः पाहिलेत.

मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचो. नव्वदच्या आसपासची गोष्ट असेल. प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांची पिल्लं जास्त झाली होती. त्यांतले दोन भाऊ मी घरी आणले. आबांनी डब्यात डोकावून विचारलं, "जोडी शे का?"

"दोघंही नर आहेत, आबा."

"मंग जोडीच शे ना!"

त्यांच्या हिशेबी बरोबरच होतं. बैलजोडीत गाय कधी असते? त्यांनी लगेच एकाला उजवा केलं, दुसऱ्याला डावा, जुवाला जुंपल्यासारखं. दुधाचं जुनं जाळीचं फडताळ म्हणजे त्यांचा गोठा. डाव्याच्या शेपटीवर एक करडा ठिपका होता, नाहीतर माझ्यासारख्या प्राणिशास्त्रवाल्याला दोघं वेगळे ओळखता आले नसते. आबांना मात्र नुसत्या खरवडण्यावरून कळायचं.

त्या वर्षीच्या पोळ्याला आबांनी दोघांच्या पाठीवर हिंगुळाचे ठिपके दिले, गळ्यात रेशमाचा दोरा बांधला आणि कॉलनीभर मिरवणूक काढली. बायका आरत्या घेऊन बाहेर आल्या. खापरावरची पुरणपोळी उजव्यानं एवढी खाल्ली, की दुसऱ्या दिवशी फडताळाचं दार आतून पोटानंच उघडलं. खोटं वाटत असेल तर दार दाखवतो, अजून वाकडं आहे. समोरच्या घरातले नाना रोज ओरडायचे, "काय आबा, नांगरटी झाली का?" आबाही ओरडायचे, "व्हयनी! आते पेरनी." आई गेल्यानंतर त्यांचा आवाज एवढा मोठा मी तेव्हाच ऐकला.

थंडी सुरू झाली आणि उजवा वयात आला. त्यानं डाव्याला कोपऱ्यात दाबायला सुरुवात केली. आधी मिशा गेल्या, मग कानाचा लचका. एका सकाळी फडताळाच्या खालच्या कप्प्यात रक्त होतं आणि डावा पाण्याच्या वाटीमागं अंग चोरून बसला होता.

"आते हाऊ वळू व्हई ग्या," आबा म्हणाले.

बायको म्हणाली, "आबा, दोन पिंजरे करू. हा इकडं, तो तिकडं. कटकट नको."

"एकला जगस नही."

"मग एकेकाला मादी आणून द्या."

"बाई गं," मी म्हटलं, "मादी आणलीस तर उन्हाळ्याच्या आत पिंपळनेरपर्यंत आपलेच नातू फिरतील. एसटीत बसायला जागा मिळणार नाही."

आबा हसले नाहीत. बसल्या जागी त्यांनी ठरवलं होतं. वळू झालेल्या गोऱ्ह्याचं शेतकरी जे करतो ते करायचं आणि जोडी राखायची.

गुरांच्या दवाखान्यात आम्ही एका म्हशीच्या मागं आणि दोन बोकडांच्या पुढं उभे राहिलो. आबांच्या हातात डालड्याचा डबा, आत उजवा. डॉक्टर तरुण होता. त्यानं डब्यात पाहिलं, मग भिंतीवर टांगलेल्या, हातभर लांब खच्चीच्या चिमट्याकडं पाहिलं.

"आबा, ह्यात धरला तर उंदीर कुठं गेला ते शोधायला तुमच्या पोराचा मायक्रोस्कोप लागेल."

"बारीक हत्यार नही का?"

"आहे. पण गुंगीतून उठला नाही तर माझ्याकडं येऊ नका."

"आनि नही करं तं?"

"तर हा डाव्याला मारील," मी म्हटलं.

आबांनी डबा पुढं केला. गुंगीचं औषध मी कॉलेजातून आणलं होतं. डॉक्टरनं दोन टाके घातले. उजवा उठला, तेव्हा आबांनी दवाखान्यातल्या म्हशीलाही नमस्कार केला.

घरी आल्यावर त्यांनी गावची रीत पाळली. बैल खच्ची केला की त्याचा जोडीदार दुसऱ्याच्या गोठ्यात बांधतात. रक्ताचा वास आला तर तो ढुशी मारतो, टाके उसवतात. म्हणून डावा, भोकं पाडलेल्या डब्यात बसून, नानांच्या घरी गेला. जखम भरली की आणायचा. त्यात मलाही काही वावगं वाटलं नाही. उंदीर आतून कसा असतो हे सगळं मला पाठ होतं, पण तो कुणाच्या अंगाला टेकून झोपतो हे अभ्यासक्रमात नव्हतं.

सुरुवातीला नाना बढाया मारत होते. "तुमचा डावा आमच्याकडं शिरा खातो, आबा! परत येणार नाही." मग त्यांच्या हाका कमी झाल्या. एका संध्याकाळी ते स्वतः रस्ता ओलांडून आले.

"आबा, तो खात नाही. डब्याच्या पत्र्याला तोंड लावून बसतो."

आबांनी उजव्याला उलटं धरून टाके पाहिले. एक अजून ओला होता.

"उद्या," ते म्हणाले. "उद्या आनू."

सकाळी नाना आले ते डबा घेऊनच. डब्यातला शिरा तसाच होता. ज्यानं कान तोडला, त्याच्यावाचून हा मेला होता.

आबांनी त्याला शेवग्याखाली पुरलं. उजव्याचा टाका सुकला, तेव्हा त्याला फडताळात सोडलं. तो आता मुंगीला वाट देईल इतका गरीब झाला होता. आबांना हवा होता तसाच. त्यानं वरचा कप्पा हुंगला, खालचा हुंगला, वाटीमागं जाऊन बराच वेळ हुंगत राहिला. मग तिथंच, डावा बसायचा त्या जागेवर, अंग चोरून बसला.

मी म्हटलं, "आबा, कॉलेजात पिल्लं आहेत. एक लहानसा आणतो. आता हा कुणाला चावणार नाही."

"हाऊ कितला जगी?"

"आणखी वर्षभर. फार तर दीड."

"आनि तो लहाना?"

मी वाटीतलं पाणी बदलायला घेतलं.

"हाऊ मरी जाई, मंग तो एकला. त्यानासाठे आखो एक आनशी. नको आनू."

नानांनी समोरून हाक मारली, "काय आबा!" आबांनी नुसता हात वर केला. मग फडताळाचं वाकडं दार काढून भिंतीला टेकवून ठेवलं आणि जमिनीवर सतरंजी टाकून उघड्या फडताळाच्या पुढ्यात बसले. उजवा बऱ्याच वेळानं बाहेर आला. आबांच्या धोतराच्या घडीत शिरला. आबा मांडी न हलवता, पायाला मुंग्या येईपर्यंत तसेच बसून राहिले.