दुसऱ्या खेळाडूच्या रिकाम्या पिना

या सदरातले अनुभव वाचून मी आजवर फक्त चिडत आले आहे. पिंपळ, बंद पडलेली गाडी, पांढरी साडी... लिहिणाऱ्यांना लाज कशी वाटत नाही, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं. अजूनही वाटतं. भूत नाही, देव अंगात येत नाही, नजर लागत नाही. हे मी आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून कोणी मला आपल्या बाजूला ओढू नये.

आमचं घर मसुऱ्यात. आई मी लहान असतानाच गेली, मला बाबांनी वाढवलं. जत्रांच्या दिवसांत बाबा व्हिडिओ गेमचं मशीन टेम्पोत घालून गावोगाव फिरायचे, आणि खेळायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एक पत्रक ठेवायचे. करणी, भानामती, भगतगिरी यांच्याविरुद्धची ती पत्रकं ते स्वतः लिहून छापून घ्यायचे. मी अक्षरं शिकले तीच त्यांच्यावर. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी एकच वाक्य असायचं – ‘समजलं नाही तर समजलं नाही म्हणा, मधे भूत घालू नका.’ लोक पत्रकाची पुडी करून त्यात शेंगदाणे खायचे. बाबा म्हणायचे, “खाताना तरी वाचतीत.”

गेल्या वर्षी बाबा गेले. मशीन पडवीत ताडपत्रीखाली होतं. सावंतवाडीच्या एका कॅफेवाल्याला ते शोभेला, पण चालू स्थितीत हवं होतं. मी मालवणात कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करते, त्यामुळे मीच ते चालू करायला घेतलं.

थोडं मशीनबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गेमच्या बोर्डाच्या एका कडेला पितळी पट्ट्यांची रांग असते, वरच्या बाजूला आणि खालच्याही. त्यावर एक लांब कनेक्टर बसतो. पडदा, स्पीकर, वीज, जॉयस्टिकचे दांडे, बटणं, सगळ्यांच्या तारा त्या कनेक्टरच्या पिनांना सोल्डरिंगचा डाग देऊन जोडलेल्या असतात. कुठली पिन कशाची हे ठरलेलं असतं. पहिल्या खेळाडूचा दांडा आणि बटणं वरच्या बाजूला, दुसऱ्याची खालच्या. बटण दाबलं की त्याची तार ग्राउंडच्या तारेला टेकते, बोर्डाला एवढंच कळतं. तारच नसेल तर बोर्डाला काही कळायचं कारण नाही.

आमच्या मशीनला एक खोड होती. कुणकेश्वराच्या जत्रेत, ऐन गर्दीत, पहिल्या खेळाडूची डावीकडे जायची तार तुटली. खाऱ्या हवेने कुजली होती. जवळ दुसरी तार नव्हती, म्हणून बाबांनी दुसऱ्या खेळाडूची तीच तार उपटून पहिल्याला लावली आणि “मागसून बघू” म्हणाले. ते कधी बघितलंच नाही. तेव्हापासून दुसरा खेळाडू वर, खाली, उजवीकडे जायचा, उडी मारायचा, पण डावीकडे नाही. पोरं तक्रार करायची. बाबा म्हणायचे, “मागे कित्याक जावक व्हया? फुडे चला!”

घरी आम्ही दोघं खेळायचो तेव्हा ते नेहमी दुसरे. रस्त्यावरून गुंडांना मारत पुढे जायचा खेळ. बाबा सरळ पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन अडकायचे आणि तिथेच उड्या मारत माझी वाट बघायचे. “खंय रवलंस गो बाय? माका मागे येवक जमणा नाय, तूच ये!”

मी जुना कनेक्टर, जुन्या तारा, सगळं उपटून भंगारात दिलं. नवीन कनेक्टर आणला. वीज, पडदा, आवाज आणि पहिल्या खेळाडूच्या तारा जोडल्या. दुसऱ्याच्या पिना तूर्त रिकाम्या ठेवल्या. तपासायला मी एकटीच होते, दुसरं कोण खेळणार होतं?

पौषातली दुपार होती. नाणं न टाकता खेळता येईल असं सेटिंग करून मी सुरू केलं. पहिला रस्ता अर्धा झाला असेल – आणि दुसरा खेळाडू आत आला.

मी बटणांवरून हात काढले. तो चालत पडद्याच्या उजव्या कडेला गेला. थांबला. उडी मारली. पुन्हा मारली.

घाबरले नाही, चिडले. प्लग काढला. हवेतल्या मिठाचा थर पिनांवर बसला की शेजारच्या पिना आपसात टेकल्यासारख्या होतात, हे मी गिऱ्हाइकांना रोज सांगते. कनेक्टर स्पिरिटने धुतला, सुकवला, मीटर लावून एकेक पिन तपासली. स्वच्छ. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा सुरू केलं. तो आला, उजवीकडे गेला आणि वाट बघत उड्या मारत राहिला. मी मुद्दाम मागे थांबले. गुंडांनी त्याला मारलं, तो पडला, उठला, पण माझ्याकडे वळून आला नाही.

डावीकडे तो एकदाही गेला नाही.

मग मी बोर्डच तपासला. एक तार ग्राउंडला लावून दुसऱ्या खेळाडूच्या ‘डावीकडे’च्या पिनेला टेकवली. तो लगेच डावीकडे चालू लागला. म्हणजे बोर्ड ठणठणीत. खोड होती ती जुन्या तारांत, आणि त्या भंगारात गेल्या होत्या. मीठ म्हणावं, तर मीठ नेमकी तीच एक पिन कशी सोडेल?

मोबाइलवर रेकॉर्डिंगही केलं. पण त्यात फक्त पडद्यावरचे दोघं खेळताना दिसतात. बघणारा म्हणेल, शेजारी कोणीतरी उभं असेल.

शेजारच्या सुलूकाकी कुंपणावरून विचारत्या झाल्या, “बाय, कोणाशी बोलतंस गो?” मी बोलत होते हे मला तेव्हा कळलं. खोटं बोलायची सवय नाही, म्हणून सांगून टाकलं. काकींनी कपाळाला हात लावला. “बापूस आसा तो! नारळ ठेव, गाऱ्हाणा घाल.”

“बाबांच्या नावाने नारळ? काकी, त्यांनी जन्मभर काय केलं?”

“पत्रकां वाटली. आणि आता खंय मेलो इलो? तुझ्याच पडवीत!”

मी तावातावाने घरात आले. काकींना सडेतोड उत्तर बाबांनीच दिलं असतं. मलाही झापलं असतं, ‘पुरावा काय?’ म्हणून. तसं झापणारं आता घरात कोणी नाही, आणि या सगळ्यात मला तेच सर्वात जास्त लागलं.

हे लिहावं की नाही यावर फार दिवस स्वतःशी भांडले. लिहिलं तर लोक म्हणणार, बघा, त्याचीच मुलगी. बाबांनी उभारलेलं मीच पाडलं असं होणार. पण पाहिलेलं लपवलं, तर त्या पत्रकांतलं तळाचं वाक्यही खोटं. म्हणून लिहिते आहे. मला समजलं नाही. मधे भूत घालत नाही. कोणाला तारांतलं, पिनांतलं खरं कारण माहीत असेल तर जरूर कळवा, मी शंभर वेळा तपासायला तयार आहे.

आता दुसऱ्या खेळाडूच्या तारा मी जोडल्या आहेत. वर, खाली, उजवीकडे, बटणं. कॅफेवाल्याचा काल फोन आला, “ताई, मशीन झाला काय?”

“एक तार रवली आसा,” मी म्हटलं.

डाग द्यायला मिनिटभर लागतं. तार कापून, सोलून ठेवली आहे. रोज दुपार झाली की मी मशीन सुरू करते.