आतली कडी

खिडकीतून खाली पाहिलं, तर सोसायटीच्या पार्किंगमधल्या आमच्या व्हॅनचे पडदे ओढलेले होते आणि फटीतून दिव्याचा पिवळा उजेड दिसत होता. म्हणजे आत कोणीतरी होतं.

ही जुनी व्हॅन मी दोन वर्षं खपून फिरतं घर केली. दुसरी बॅटरी बसवली, वायरी ओढल्या, पत्र्याला आतून प्लाय आणि सनमायका लावला. चौघांनी मिळून कोकणात जायचं आणि चार रात्री एकमेकांजवळ झोपायचं, एवढाच माझा हट्ट. वायरिंग करताना दोनदा फ्यूज उडाला, तेव्हा बायको म्हणाली होती, "अहो, आधी स्वयंपाकघरातली ट्यूब बदला." ती अजून बदलायचीच आहे.

व्हॅनही अजून जागची हललेली नाही. कधी मुलाची परीक्षा, कधी लेकीचा क्लास. पण रिकामी म्हणून ती कधी नसते. लेक तिथे अभ्यासाला बसते, मुलगा गाणी ऐकत पडतो. घरापासून लांब जायला चाकं फिरावीच लागतात असं नाही, हे मला मेल्याला कुठं ठाऊक होतं!

मी खाली जाऊन दार वाजवलं.

"कोण?" बायकोचा आवाज.

"मी. येऊ का आत?"

"बसू द्या हो जरा एकटीला. तुमचा चहा वर झाकून ठेवलाय."

तरी मी दार ओढून पाहिलं. रानात कोणी परका आत शिरू नये म्हणून कडी मीच बसवली होती. चांगली घट्ट बसली आहे.