डेलमरचं ओलं कार्ड

व्हर्ना टेशकडची बेसबॉल खेळाडूंच्या फोटोंची कार्डं दुकानात मिळण्यातली नव्हती. काही पावाच्या वेष्टनातून निघालेली, काही वेफरच्या पाकिटातून, काही नाश्त्याच्या खोक्याच्या पाठीवरून कात्रीनं वेडीवाकडी कापलेली. सगळ्यांत तिच्या जिवाची होती ती सॉसेजच्या पाकिटातली. मांसाला चिकटून राहिल्यानं त्यांवर चरबीचे डाग असत आणि धुराचा, लसणाचा वास वर्षानुवर्षं जात नसे. ऑशकॉश गावातले बाकीचे छंदी कोरी करकरीत कार्डं शोधत. व्हर्ना मात्र डागाळलेलं कार्ड उचलून आधी नाकाशी नेई. "ही बाई कार्डं जमवते की जेवते?" असं टपालखात्यातून निवृत्त झालेला नॉर्बर्ट हाउप्ट चारचौघांत म्हणे, आणि तो तिचा मित्र होता.

ती खरं काय शोधते आहे, हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. तिचा थोरला भाऊ डेलमर गावच्या संघात पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, होता. गावातल्या होल्झर सॉसेजवाल्यांनी एका वर्षी संघातल्या प्रत्येकाचं कार्ड छापून घेतलं होतं. पण मोसम सुरू व्हायच्या आधीच, मार्चमध्ये, डेलमर गोठलेल्या विनेबागो तळ्यावर मासे धरायला गेला. पायाखालचं बर्फ फुटलं. तो सापडलाच नाही. बुडालेल्या पोराचं तोंड गिऱ्हाइकाच्या जेवणात नको, म्हणून होल्झरांनी त्याचं कार्ड मागे घेतलं. आईनं तर घरातले त्याचे सगळे फोटो चुलीत घातले. व्हर्ना तेव्हा लहान होती. पुढे पुढे तिला भावाचा चेहराच आठवेनासा झाला, आणि ते तिच्या मनाला फार लागलं.

ती साठी ओलांडल्यावर एका दुपारी होल्झरांच्या म्हाताऱ्या सुनेचा, अल्माचा, फोन आला. कारखान्याची जुनी शीतखोली पाडताना भिंतीमागे कार्डांचा खोका निघाला होता.

व्हर्ना गेली. खोक्यातल्या कार्डांचा हात लावताच भुगा होत होता. एकच धड होतं, आणि ते अल्मानं वेगळं, सिंकजवळ ठेवलं होतं. टोपी मागे सारलेला, एका बाजूनं हसणारा मुलगा. नाव वाचण्याआधीच व्हर्नानं त्याला ओळखलं.

"पोरी, लवकर घेऊन जा," अल्मा हळूच म्हणाली. "मी पुसते आणि ते पुन्हा ओलं होतं."

घरी व्हर्नानं ते टीपकागदात दाबलं, हीटरवर वाळवलं. सकाळी कार्डाखाली पाण्याचं थारोळं. तिनं सवयीनं ते नाकाशी नेलं. धुराचा वास नव्हता, लसणाचाही नव्हता. तळ्याच्या तळाशी असतो तसा गार, शेवाळी वास होता.

नॉर्बर्टला तिनं बोलावून दाखवलं. त्यानं कार्ड हातात घेतलं, लगेच खाली ठेवलं आणि बराच वेळ गरम पाण्याच्या नळाखाली बोटं धरून उभा राहिला. मग म्हणाला, "व्हर्ना, हे तळ्यात सोडून दे. ऐक माझं."

"एकदा गेला तो तिथं," ती म्हणाली. "आता मी माझ्या हातानं ढकलू?"



त्यानंतर व्हर्नानं कार्डं जमवणं सोडलं. होती ती सगळी नॉर्बर्टला देऊन टाकली. डेलमरचं कार्ड स्वयंपाकघरात खिडकीपाशी एका खोलगट ताटलीत असतं. सकाळी उठलं की ती आधी ताटलीतलं पाणी ओतते, मग कॉफी ठेवते. कार्डाचा कागद कुजत नाही, शाई फुटत नाही. उलट चेहरा दिवसेंदिवस स्पष्ट होत चालला आहे, असं ती सांगते, आणि सांगताना तिचा स्वर अगदी साधा असतो. नॉर्बर्ट अजूनही कॉफीला येतो. फक्त खिडकीकडे पाठ होईल अशा खुर्चीवर तो बसत नाही.